नम्रतेचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

जपानी माणसाच्या नम्रतेचे गोडवे गाणारा एक वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कारखान्याच्या प्रशिक्षण वर्गात, एखाद्या क्लबच्या व्याख्यानात, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे येतात आणि सांगतात, जपानी माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो, आवाज चढवत नाही, समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणून दुखवत नाही. इथपर्यंत ठीक आहे. पण व्याख्यान पुढे सरकतं तशी गाडी हमखास बायकांवर येते. जपानी बाई बघा, किती मंजुळ बोलते, हसताना तोंडावर हात धरते, पाहुण्यांसमोर कधी नवऱ्याचं बोलणं तोडत नाही. आणि आपल्या बायका! सभागृहात हशा पिकतो. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकाही हसतात, कारण न हसणं असभ्य दिसतं.

पुणे आणि चाकण परिसरात दुभाषी म्हणून काम करताना मला वीसहून जास्त वर्षं झाली. जपानी माणसांचं बोलणं आणि न बोलणं, दोन्हींवर माझं पोट आहे. त्यामुळे ही व्याख्यानं ऐकताना मला हसू येत नाही, राग येतो. हे लोक ज्या मंजुळ आवाजाचं कौतुक करतात तो आवाज कसा घडवला गेला, त्याची किंमत कुणी मोजली आणि तो आवाज झुगारणाऱ्या जपानी बायका कोण होत्या, यातलं अवाक्षरही त्यांच्या भाषणात नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सभ्य बोलण्याला माझा विरोध नाही. सभ्यतेचा भार बाईवर आणि हाताखालच्या माणसावर टाकायचा आणि वर त्याला ‘संस्कृती’ म्हणायचं, याला माझा विरोध आहे. जपानी बायकांनी सव्वाशे वर्षं या विरोधात दिलेला झगडा गाळून त्यांचं वाकणंच तेवढं आपल्यापुढे ठेवायचं, यालाही माझा विरोध आहे.

महाराष्ट्रात हे कौतुक नवं नाही. टोकिओत १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी जपान महिला विद्यापीठ सुरू केलं. त्या संस्थेची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती आली, १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये आपल्याकडचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. कर्व्यांचं ऋण कुणी नाकारणार नाही. पण त्या काळात जपान सरकारचं मुलींच्या शिक्षणाचं सूत्र होतं ‘र्योसाइ केन्बो’, म्हणजे चांगली बायको आणि शहाणी आई. १८९९ चा मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा याच सूत्रावर उभा होता. बाईला शिकवायचं ते तिने घर नीट चालवावं म्हणून, हे आपल्याकडच्या सुधारकांनाही पटण्यासारखंच होतं. मात्र त्याच टोकिओच्या विद्यापीठातून १९०६ साली शिकून बाहेर पडलेल्या हिरात्सुका राइचो यांनी १९११ मध्ये ‘सेइतो’ हे बायकांनी चालवलेलं मासिक काढलं. लग्न, गर्भपात, बाईचं शरीर यांवर त्यात उघड लिहिलं गेलं आणि सरकारने त्याच्या काही अंकांवर बंदी घातली. सुपत्नी घडवण्याची कल्पना आपल्याकडे पुस्तिकेतून आली. त्या साच्यातून निसटलेल्या बाईची गोष्ट मात्र किती जणींपर्यंत पोहोचली?

वर-खाली आणि आत-बाहेर

आधी हे नम्र बोलणं म्हणजे नेमकं काय ते पाहू. जपानी भाषेत आदरार्थी बोलण्याला ‘केइगो’ म्हणतात. शाळेत त्याचे तीन प्रकार शिकवत आले: समोरच्याला वर उचलणारं बोलणं, स्वतःला खाली ठेवणारं बोलणं आणि साधं सभ्य बोलणं. २००७ मध्ये सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने मार्गदर्शिका काढून हे प्रकार पाच केले. ‘खाणं’ हे एकच क्रियापद घ्या. मैत्रिणीशी बोलताना ‘ताबेरु’, पाहुणा खातो तेव्हा ‘मेशिआगारु’, आणि पाहुण्यासमोर मी खाते तेव्हा ‘इतादाकु’. म्हणजे वाक्य उच्चारण्याआधी बोलणाऱ्याने ठरवायचं, समोरचा माझ्या वर आहे की खाली, माझ्या घरातला आहे की बाहेरचा.

यात चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. परक्या माणसाशी मोजूनमापून बोलणं, स्वतःची बढाई न मारणं, समोरच्याचा वेळ घेतल्याबद्दल दोन शब्द बोलणं, हे कुणालाही शिकण्यासारखं आहे. कारखान्यात झाडू मारणाऱ्या बाईला ‘तुम्ही दमला असाल’ असं म्हणून निरोप देणारे जपानी अधिकारी मी पाहिले आहेत. त्याच कारखान्यातले आपले साहेब तिला ‘ए बाई’ म्हणत होते.

पण ही उतरंड आहे हे विसरू नका. उतरंडीत वरच्याला कमी शब्द पुरतात, खालच्याला जास्त लागतात. वरचा माणूस तुटक बोलला तर तो कामाचा माणूस. खालचा तुटक बोलला तर उद्धट. मग या उतरंडीत बाई कुठे बसते?

मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा भेद व्याकरणातच आहे. बोलणारा बाप्या की बाई, ते क्रियापद सांगतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही. ‘इकु’ म्हणजे ‘जातो’ही आणि ‘जाते’ही. म्हणजे इथे बाईला बाई म्हणून वेगळं पाडायची व्याकरणाची सक्ती नव्हती. ती सक्ती रीतीभातीने केली. वाक्याच्या शेवटी ‘वा’, ‘काशिरा’ असे मऊ शब्द लावायचे, आज्ञार्थी रूप टाळायचं, ठाम विधानाला शेपूट जोडून ते अर्धवट सोडायचं, नामांना आदराचा ‘ओ’ लावत जायचं, आवाज वरच्या पट्टीत ठेवायचा. याला नाव दिलं ‘ओन्ना कोतोबा’, बाईची भाषा. मी शिकत होते तेव्हा वर्गात मुलांना एक आणि मुलींना दुसरं असं वाक्य घोकायला दिलं जाई. मुलाचं वाक्य जिथे संपे तिथे मुलीच्या वाक्याला आणखी एक मऊ अक्षर असे. ते अक्षर कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळे: छान वाटतं ऐकायला.

आता नात्यांचे शब्द पाहा. नवऱ्याचा उल्लेख करायचा तर ‘शुजिन’. या शब्दाचा अर्थ मालक, धनी. दुसरीच्या नवऱ्याला ‘गो-शुजिन’, म्हणजे आदरणीय मालक. नवऱ्याने बायकोचा उल्लेख करायचा तर ‘कानाइ’, घराच्या आतली. दुसऱ्याच्या बायकोला ‘ओकुसान’, म्हणजे आतल्या खोलीतल्या बाई. विधवेसाठी ‘मिबोजिन’ हा शब्द आहे. त्याचा अक्षरार्थ आहे, अजून मेली नाही ती. नवरा गेला, ही मागे उरली, मरायची राहून गेली. हे शिव्यांचे शब्द नाहीत, सभ्य बोलण्यातले आहेत. शिवी देणाऱ्याला उलट बोलता येतं, सभ्य शब्दापुढे तोंड बंद होतं.

आपण हे वाचून हळहळायचं कारण नाही. आपल्याकडेही ‘मालक’ आहेत, ‘आमचे हे’ आहेत, ‘अहो’ आणि ‘अगं’ आहे. लग्नपत्रिकेवर पुरुष जन्मभर ‘श्री.’ राहतो आणि बाई ‘कु.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ असे तीन जन्म घेते. ही अक्षरंही आदराचीच म्हणून छापली जातात.

परंपरा कुणी घडवली?

‘पण ही तर त्यांची हजार वर्षांची परंपरा!’ असं लगेच म्हटलं जातं. ही परंपरा नीट उलगडून पाहिली की बरंच काही हाती लागतं.

एदो काळात, अठराव्या शतकात, ‘ओन्ना दाइगाकु’ नावाचं मुलींच्या वळणाचं पुस्तक घरोघर गेलं. बायकोला टाकून देण्याची सात कारणं त्यात सांगितली आहेत. सासू-सासऱ्यांचं न ऐकणं, मूल न होणं, मत्सर, चोरी अशा यादीत एक कारण आहे, फार बोलणं. म्हणजे बाईचं बोलणं हा संसार मोडायला पुरेसा गुन्हा होता. हे पुस्तक केवळ जुनं म्हणून मागे पडलं नाही. १८९९ मध्ये फुकुझावा युकिचींसारख्या विचारवंताला त्यावर सविस्तर टीका लिहावी लागली, एवढी त्याची पकड होती.

मेइजी काळात आधुनिक जपान घडू लागला तेव्हा बायका सभेत बोलू लागल्या. किशिदा तोशिको ही विशीतली तरुणी गावोगाव स्त्रियांच्या हक्कांवर बोलत फिरत होती. १८८३ मध्ये ओत्सु इथे तिने मुलींना पेटीत बंद करून वाढवण्याच्या रीतीवर भाषण केलं आणि तिला अटक झाली. १८९० च्या कायद्याने बायकांना राजकीय सभांना हजर राहायलाच बंदी घातली. १९०० च्या पोलीस कायद्यातही ती बंदी कायम राहिली आणि सभेला जाण्याचा हक्क मिळायला १९२२ साल उजाडलं. राजकीय पक्षात जाण्याची बंदी तर दुसरं महायुद्ध संपेपर्यंत टिकली. जपानी बाई सभेत गप्प का बसते, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी हा बत्तीस वर्षांचा कायदा आधी वाचावा.

आणि ते मंजुळ ‘वा’ आणि ‘तेयो’? इनोउए मियाको, नाकामुरा मोमोको या अभ्यासक बायकांनी त्याचा माग काढला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकिओच्या शाळकरी मुली आपसात बोलताना असे शेवट वापरू लागल्या. तेव्हा पुरुष लेखकांनी आणि शिक्षकांनी नाकं मुरडली. ही भाषा हलक्या वस्तीतली आहे, चांगल्या घरच्या मुलींना शोभत नाही, असं ते लिहीत. पुढे कादंबऱ्यांतून, मुलींच्या मासिकांतून, जाहिरातींतून तीच भाषा पसरली आणि काही दशकांत तीच ‘खानदानी जपानी बाईची भाषा’ ठरली. युद्धकाळात तर तिचे गोडवे राष्ट्राची थोर परंपरा म्हणून गायले गेले, आणि १९४१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शिष्टाचाराची नियमावलीच काढली. मुलींनी स्वतःसाठी काढलेली बोली आधी वाईट ठरली, मग त्यांच्याच गळ्यात दागिना म्हणून घातली गेली. दोन्ही वेळा निकाल देणारे तेच होते.

यावर कडी म्हणजे १९५२. सरकारच्या भाषा परिषदेने यापुढचं आदरार्थी बोलणं कसं असावं यावर शिफारशी केल्या. त्यात म्हटलं की बायका गरजेपेक्षा जास्त आदराचे शब्द वापरतात, जिथे तिथे ‘ओ’ लावतात, त्यांनी आत्मपरीक्षण करून हे कमी करावं. शतकानुशतकं वाकायला शिकवायचं आणि मग ‘जरा जास्तच वाकता हो तुम्ही’ म्हणून तिलाच दोष द्यायचा!

शिवाय ही भाषा ‘जपानी बाई’ची कधीच नव्हती. ती टोकिओच्या मध्यमवर्गीय बाईची होती. ईशान्येकडच्या तोहोकु भागात शेतकरी म्हाताऱ्या स्वतःला ‘ओरे’ म्हणत आल्या, जो शब्द शहरात पुरुषी समजला जातो. शेतात राबणाऱ्या बाईला ‘काशिरा’ म्हणायला सवड नव्हती. आपल्याकडे जसं पुण्याच्या बाईचं बोलणं ‘शुद्ध’ आणि परभणीच्या बाईचं ‘रांगडं’ ठरतं, तसंच ते आहे. आज जपानच्या तरुण मुलींच्या तोंडी हे मऊ शेवट क्वचितच येतात. पण परदेशी सिनेमाच्या जपानी भाषांतरात अमेरिकन बाई मात्र अजून ‘वा’ लावून बोलताना सापडते. खऱ्या बायकांनी ही भाषा सोडली तरी पडद्यावरच्या बाईच्या तोंडी ती घातली जाते.

‘नाही’ म्हणायला शब्द कुठून आणायचा?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. बोलताना जपानी माणूस ‘नाही’ टाळतो. ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरासं...’ असं म्हणून वाक्य सोडून देतो. ‘विचार करून ठेवतो’ म्हणाला तर समजायचं की काम होणार नाही. दुभाषी म्हणून हे अर्धं वाक्य पुरं करणं माझं रोजचं काम आहे. व्यवहारात हे चालतं, कारण ऐकणाऱ्यालाही ते समजून घेण्यात फायदा दिसतो. पण समजून घ्यायचंच नाही असं ज्याने ठरवलं आहे, त्याच्यापुढे हे अर्धं वाक्य काय कामाचं? आणि तो वरच्या पायरीवरचा पुरुष असेल तर?

पत्रकार इतो शिओरी यांनी २०१७ मध्ये स्वतःवरच्या बलात्काराबद्दल नाव आणि चेहरा न लपवता जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी आलेल्या ‘ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे की अत्याचाराच्या क्षणी त्यांच्या तोंडून इंग्रजीत निषेध बाहेर पडला, कारण वरच्या स्थानावरच्या पुरुषाला बरोबरीने खडसावायला बाईजवळ जपानीत शब्दच नाहीत. मैत्रिणींनो, हे वाक्य पुन्हा वाचा. एका बाईला जिवावर बेतलं असताना मातृभाषा सोडून दुसरीकडे जावं लागलं. आणि त्या पुढे बोलल्या तेव्हा समाजाने काय पाहिलं? त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं हे पाहिलं. फौजदारी खटला उभा राहिलाच नाही. दिवाणी दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना ३३ लाख येन भरपाई दिली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा विजय कायम झाला.

तिथला बलात्काराचा कायदा १९०७ चा. २०१७ मध्ये तो एकशे दहा वर्षांनी बदलला, तरी मारहाण किंवा धमकी सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा मानायचा नाही ही अट राहिलीच. मार्च २०१९ मध्ये लागोपाठ चार खटल्यांत आरोपी सुटले. त्यातल्या एका खटल्यात बाप होता आणि १९ वर्षांची त्याची मुलगी होती. तिची संमती नव्हती हे न्यायालयाने मान्य केलं, तरी तो सुटला. वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली, पण त्याआधीच बायका रस्त्यावर आल्या होत्या. ११ एप्रिल २०१९ ला टोकिओ स्टेशनजवळ हातात फुलं घेऊन त्या जमल्या. मग दर महिन्याच्या ११ तारखेला वेगवेगळ्या शहरांत जमत राहिल्या आणि एकेक जण उठून आपली हकीकत सांगू लागली. अखेर जून २०२३ मध्ये कायदा बदलला. गुन्ह्याचं नावच आता ‘असंमत संभोग’ आहे. नकार मनात येऊ न देणारी, बोलू न देणारी किंवा अमलात आणू न देणारी आठ प्रकारची परिस्थिती कायद्याने मांडली. भीतीने थिजून जाणं त्यात आहे आणि समोरच्याच्या आर्थिक किंवा सामाजिक स्थानाचा धाकही त्यात आहे. संमतीचं वय १३ वरून १६ झालं. बाई गप्प राहिली म्हणजे तिची हरकत नव्हती, हा समज तोडायला तिथल्या बायकांना इतकी वर्षं लागली.

टोकिओ पोलिसांचं एक मोबाईल ॲप आहे. लोकलच्या गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर मुलीने बोलायचं नाही, बटण दाबायचं. मग पडद्यावर ‘छेड काढणारा माणूस आहे, मदत करा’ असा मजकूर येतो, किंवा फोनच मोठ्याने ओरडतो, ‘यामेते कुदासाइ’. अर्थ, ‘थांबवा, कृपया’. लाखो जणींनी ते घेतलं आहे आणि त्यामुळे एखादी जरी वाचली तरी चांगलंच. पण ज्या सभ्यतेचं आपण कौतुक करतो तिथे नकार द्यायलाही यंत्र लागतं, आणि तो नकारही ‘कृपया’ लावून द्यावा लागतो, हे व्याख्यानात सांगितलं जात नाही.

सभ्य माणसांची असभ्यता

मग ही सभ्यता पुरुष बायकांशी पाळतात का? १८ जून २०१४ ला टोकिओच्या विधिसभेत शिओमुरा आयाका या सदस्या गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आयांना मदत मिळावी म्हणून प्रश्न विचारत होत्या. बाकांवरून आवाज आला: आधी स्वतः लवकर लग्न करा! सभागृह हसलं. त्या क्षणी त्याही कसनुसं हसल्या आणि नंतर त्यांचे डोळे भरले. ओरडणाऱ्या एका सदस्याने पाच दिवसांनी माफी मागितली.

सप्टेंबर २०१८ मध्ये कुमामोतो शहराच्या सभेत ओगाता युका बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना खोकला झाला होता म्हणून तोंडात औषधी गोळी होती. सभेची प्रतिष्ठा गेली म्हणून कामकाज कित्येक तास थांबलं आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. याच बाईंनी आदल्या वर्षी आपलं सात महिन्यांचं बाळ सभागृहात आणलं होतं, तेव्हाही शिष्टाचारच आडवा आला होता.

आणि ३ फेब्रुवारी २०२१. ऑलिंपिक संयोजन समितीचे अध्यक्ष, माजी पंतप्रधान मोरी योशिरो एका बैठकीत म्हणाले की बायका जास्त असल्या की बैठका लांबतात, एकीने हात वर केला की दुसरीलाही बोलावंसं वाटतं. पुढे असंही म्हणाले की आमच्या समितीतल्या बायका मात्र ‘वाकिमाए’ असलेल्या आहेत. ऐकणारे काही जण हसले. हा ‘वाकिमाए’ शब्द नीट लक्षात ठेवा. आपली जागा ओळखून, प्रसंग पाहून वागणं-बोलणं असा त्याचा अर्थ. इदे साचिको या विदुषींनी जपानी नम्रतेचं मर्म सांगायला हाच शब्द वापरला होता आणि जगभरच्या भाषाशास्त्रात तो मान्य झाला. पुस्तकात तो सर्वांना लागू आहे. बैठकीत त्याचा अर्थ एवढाच निघाला की बाईने गप्प बसावं. या वेळी मात्र हजारो जपानी बायकांनी तोच शब्द उलटा फिरवला: आम्ही वाकिमाए नसलेल्या बायका! विरोधी पक्षांच्या महिला खासदार पांढरे कपडे घालून संसदेत आल्या. मोरींनी माफी मागून पद टिकवायचा प्रयत्न केला, पण १२ फेब्रुवारीला त्यांना जावं लागलं.

उद्धट ठरलेल्या बायका

ही काही पहिली वेळ नव्हती. १९६३ मध्ये क्योतो महापालिकेतल्या कारकून बायकांनी पुरुष सहकाऱ्यांना चहा करून देण्याच्या रीतीविरुद्ध बंड केलं. नेमणुकीच्या पत्रात चहा नव्हता, तो ‘बायकी सौजन्या’त होता. १९७५ मध्ये एका शेवयांच्या जाहिरातीत मुलगी ‘मी करणारी’ आणि मुलगा ‘मी खाणारा’ असं म्हणत होते. महिला गटाने निषेध केला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, तरी जाहिरात मागे घ्यावी लागली. १९८९ मध्ये फुकुओकात एका नोकरदार बाईने लैंगिक छळाविरुद्ध दावा लावला आणि १९९२ मध्ये ती जिंकली. २०१९ मध्ये इशिकावा युमी यांनी नोकरीत उंच टाचांचे बूट घालण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो सह्या श्रम मंत्रालयात नेऊन दिल्या. प्रत्येक वेळी पहिला आरोप एकच होता: या बायकांना रीत नाही.

आक्षेप येतील. पहिला: दुसऱ्याच्या संस्कृतीवर बोलणारे आपण कोण? तर वर जे लिहिलं ते जपानी बायकांनीच मांडलं आणि लढवलं आहे. त्यांचं म्हणणं सोडून त्यांच्या पुरुषांचं कौतुक तेवढं उचलणं, हाच खरा अपमान आहे. दुसरा: गोड बोलून बाई आपलं काम काढून घेते, ते तिचं हत्यार आहे. असेल. पण दुसरं हत्यार हाती लागू दिलं नाही म्हणून जे उरलं त्याला तिची ताकद म्हणू नये. तिसरा: ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आता काय राहिलं? लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यायची सक्ती करणारा कायदा राहिला आहे. सुमारे ९५ टक्के जोडप्यांत आडनाव बाई बदलते आणि या कायद्यात बदल करायला ताकाइचींचाच विरोध राहिला आहे. २०२५ च्या जागतिक स्त्री-पुरुष विषमता निर्देशांकात १४८ देशांत जपान ११८ वा आहे. आपण १३१ वे आहोत, तेव्हा कुणी कुणाला हसायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप: मग काय सगळ्यांनी उद्धट व्हायचं? नाही. सभ्यता सारखी वाटून घ्यायची. टोकिओने एप्रिल २०२५ पासून गिऱ्हाइकांच्या अरेरावीविरुद्ध नियम लागू केला. दुकानातल्या मुलीने वाकायचं आणि गिऱ्हाइकाने वाटेल ते बोलायचं, हे सौजन्य नव्हे, एवढं तरी सरकारने कबूल केलं. नियम वरच्यालाही लागू झाला तरच त्याला सभ्यता म्हणता येईल.

म्हणून आपल्या गटांना माझी विनंती आहे. यापुढे कुणी पाहुणा जपानी बाईच्या मंजुळ आवाजाचा दाखला देऊ लागला, तर त्याचं भाषण संपेपर्यंत सभ्यपणे थांबा आणि मग उभं राहून तीन प्रश्न विचारा. किशिदा तोशिकोला अटक का झाली? १८९० ते १९२२ बायकांना सभेला बंदी का होती? ‘वाकिमाए नसलेल्या बायका’ कोण? उत्तरं नसतील तर आपण द्या. आणि आपल्या कार्यालयात, शाखेत, कुटुंबातही पाहा: चहाचे कप कोण उचलतं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं, कुणाला ‘आवाज खाली’ म्हटलं जातं, आणि ‘नाही’ म्हणण्यापूर्वी कुणाला चार वेळा माफी मागावी लागते. नम्रतेचा धडा सुरू करायचाच असेल, तर तो तिथून, वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसापासून सुरू करा.